समुद्र दोन मिनिटांवर

डिसेंबर अर्धा सरला की दादरच्या माणसाला समुद्र आठवतो. वास्तविक चौपाटी त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण गणपती विसर्जनानंतर तो तिकडे फिरकलेला नसतो. मुंबईचा समुद्र त्याच्या लेखी समुद्रात धरायचाच नसतो. तो पावसाळ्यात बातम्यांत दाखवायला आणि एरवी फ्लॅटचा भाव चढवायला ठेवलेला असतो. खरा समुद्र अलिबागला. म्हणून हा गृहस्थ बायकामुलांसह गेटवेला लाँचमध्ये बसतो, तासभर समुद्रावरूनच जातो, मांडव्याला उतरतो आणि मागे वळून पाण्यापलीकडे धूसर दिसणाऱ्या मुंबईचा फोटो काढतो. "इथून किती छान दिसते, नाही?" असं बायकोला म्हणतो. तिलाही ते पटतं. अरबी समुद्र तोच, पाणी तेच. तो मुंबईत बसून बघायचा की मुंबईकडे पाठ करून, एवढ्यावर भाडं ठरतं.

मुंबईच्या कटकटीला वैतागून अलिबाग गाठणाऱ्यांत माणसांच्या आधी यंत्रांचा नंबर लागला असावा. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद चालायची. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने इथल्या सुया बिथरतील म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळेने अलिबागला बिऱ्हाड केलं. मुंबईच्या कुलाब्यातून निघाली आणि कुलाबा जिल्ह्यात गेली, कारण जिल्ह्याला रायगड हे नाव मिळायला १९८१ साल उजाडावं लागलं. पुढे १९६४ साली मुंबईतल्या ट्राम बंद झाल्या, तरी यंत्रं काही परत आली नाहीत. शंभराहून जास्त वर्षं ती तिथे गपगुमान मुक्कामाला आहेत आणि 'आम्हाला समुद्राकडची खोली पाहिजे' अशी तक्रार त्यांनी केल्याचं ऐकिवात नाही.

माणसांचं तसं नसतं. वर्षभर कुणी रस्त्यात वेंधळेपणा केला की मुंबईकर त्याला हिंदीत विचारतो, अलिबागहून आलास का म्हणून. या वाक्यावर बंदी घाला अशी याचिका अलिबागच्या एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात केली होती. विनोद प्रत्येक समाजावर होतात, फार मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून न्यायालयाने ती २०१९ साली फेटाळली. निकाल काहीही असो, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अलिबागकर आपला सूड उगवून घेतात. तेव्हा भाडं तेच ठरवतात.

सुरुवात होते ती फोटोंपासून. इमारतीतल्या चार कुटुंबांचा ग्रुप तयार होतो आणि त्यावर समुद्रकाठच्या कॉटेजचे फोटो पडायला लागतात. या फोटोंचं एक शास्त्र आहे. खोलीचा फोटो संडासाच्या दारात उभं राहून काढतात, त्यामुळे खोली हॉलएवढी दिसते. जलतरण तलावाचा फोटो पोटावर झोपून काढतात, त्यामुळे गुडघाभर पाणी क्षितिजाला टेकतं. आणि शेवटचा फोटो समुद्राचा असतो. मावळता सूर्य, दोन माड, ओल्या वाळूत एक कुत्रा. त्या फोटोत कॉटेज कुठेही नसते. ती का नसते हे विचारायचं कुणाला सुचत नाही, कारण खाली लिहिलेलं असतं: समुद्र दोन मिनिटांवर.

ही दोन मिनिटं कुणाची, हा खरा प्रश्न आहे. सरकार समुद्रापासूनचं अंतर मीटरमध्ये मोजतं. १९९१ साली किनाऱ्यासाठी अधिसूचना निघाली आणि भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरचा पट्टा नियमांखाली आला. मग नियम कधी घट्ट झाले, कधी सैल झाले, पण मोजायची पट्टी मीटरचीच राहिली. कॉटेजवाला मात्र अंतर मिनिटांत सांगतो. मीटरच्या बाबतीत माणूस खोटं पडू शकतो. मिनिटांच्या बाबतीत पडत नाही, कारण तुम्ही हळू चालता. आम्हाला वाडीतून समुद्रावर पोचायला पाऊण तास लागला, तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, "पोरं मध्ये थांबत असतील."

पोरं मध्ये थांबत होतीच, पण दोष पोरांचा नव्हता. ही गावंच तशी वसली आहेत. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा, कुठेही जा. आधी रस्ता, रस्त्याला लागून घरं, घरांच्या मागे नारळी-पोफळीची लांबच लांब वाडी, वाडीच्या शेवटी कुंपण, कुंपणापलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. जुन्या घरांची ओटी रस्त्याकडे. झोपाळा रस्त्याकडे. समुद्राच्या बाजूला काय, तर न्हाणी, गोठा आणि जळणाची खोप. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशेजारी राहिलेल्या माणसांनी घर बांधताना समुद्राकडे पाठ केली आणि मध्ये शेदोनशे माड उभे केले. खारा वारा बिजागऱ्या खातो, कौलं उडवतो, लोणच्याच्या बरणीपर्यंत वाळू पोचवतो. शिवाय ओटीवर बसून रस्त्याकडे बघितलं की कोण कुणाकडे गेलं, किती वेळ बसलं आणि परत येताना हातात काय होतं, हे कळतं. समुद्राकडे बघून काही कळत नाही.

आता शहरातून आलेला माणूस नेमकी ती पाठीमागची बाजू मागतो. त्यामुळे गावोगाव एक उलटापालट झालेली दिसते. गोठ्याची 'प्रीमियम' खोली झाली, खोपीची 'हनिमून कॉटेज' झाली आणि मालक पूर्वीसारखेच ओटीवर बसून रस्ता बघतात. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंना एकीने विचारलं, "तुम्ही रोज संध्याकाळी समुद्रावर जात असाल ना?" काकू वाल सोलत होत्या. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "समुद्रावर? कशाला? तो कुठे जातोय?"

काकूंचा परिचय आधी फोनवर झाला होता. जाहिरातीत नंबर काकांचा असतो, पण काका "हिला देतो" एवढंच बोलतात.

"काकू, नाताळात रूम आहेत का?"

"माणसं किती?"

"मोठी आठ आणि मुलं चार."

"मुलं जेवणारी का?"

इथे भल्याभल्यांची सत्यनिष्ठा डळमळते. किनाऱ्यावर भाडं खोलीवर नसतं, डोक्यावर असतं. चहा, न्याहारी, दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळची भजी धरून माणशी अमुक. पाच वर्षांखालचं मूल फुकट, दहाखालचं अर्धं, वरचं पूर्ण. आदल्याच आठवड्यात 'मी आता अकरा वर्षांचा आहे' या मुद्द्यावर मोबाइल मागणारा आमच्या मित्राचा मुलगा त्या फोनवर एका दमात साडेनऊचा झाला. काकूंनी वाद घातला नाही. "आणा हो. जेवताना बघू," म्हणाल्या. त्याप्रमाणे पहिल्याच दुपारी त्यांनी बघितलं. मुलाने आठवा कोंबडीवडा उचलला, तेव्हा काकू परात घेऊन त्याच्या पाठीशी उभ्या होत्या. "साडेनऊचं ना बाळ?" त्यांनी कौतुकाने विचारलं. "गुणाचं आहे." मित्राने जेवण झाल्यावर आपणहून पूर्ण माणसाचे पैसे पाठवले.

वयाचा हिशेब झाला की काकू आहाराकडे वळतात. शाकाहारी किती, मांसाहारी किती, एवढाच त्यांचा प्रश्न असतो, पण मराठी घरांत याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. एकजण मासे खातो, कोंबडी खात नाही. एकजण कोंबडी खातो, पण मासा काट्याचा नको. एक वहिनी फक्त रस्सा घेतात, त्यातला ऐवज त्यांना दिसला नाही पाहिजे. एकाचं कीटो चालू आहे, म्हणजे तो भात सोडून सगळं आणि इतरांच्या ताटातला भात खातो. त्यात मार्गशीर्ष कधीकधी डिसेंबर संपेपर्यंत रेंगाळतो, आणि मग गुरुवार आडवा येतो. आमच्या सहलीचं सगळं ठरल्यावर कुणीतरी कॅलेंडर बघितलं आणि मधला दिवस मार्गशीर्षातला गुरुवार निघाला. महालक्ष्मीच्या व्रताला नाही म्हणण्याची प्राज्ञा कुणाची? निम्म्या लोकांनी अलिबागला जाऊन एक अख्खा दिवस साबुदाण्याची खिचडी खायची असं ठरलं. ही सगळी यादी ऐकून काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आठ माणसांत पाच चुली. या."

या! एवढंच. आमच्यातले एक सनदी लेखापाल आहेत. त्यांना लेखी काहीतरी हवं होतं. त्यांनी तारखा, माणसं, खोल्या, जेवणं, भरलेला ॲडव्हान्स आणि उरलेली रक्कम असा व्यवस्थित मजकूर करून पाठवला आणि 'कृपया पुष्टी करावी' असं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं ते अंगठ्याचं चित्र. आक्षी गावात मराठीतला सर्वांत जुना समजला जाणारा शिलालेख आहे, शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. राजाचं नाव, दान, सगळं दगडावर खोदून ठेवलेलं. हजार वर्षांनंतर त्याच तालुक्यातले लोक पुन्हा अंगठ्यावर आले म्हणून लेखापाल हळहळले. पण खोल्या मात्र वेळेवर झाडून तयार होत्या, आणि कागदोपत्री चोख असलेल्या किती ठिकाणी असं घडतं ते त्यांनीही सांगितलं नाही.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. गाडीने जाणाऱ्यांना वडखळ लागतं आणि वडखळला ज्यांनी तासभर काढला आहे त्यांच्यासमोर त्याचं वर्णन करणं म्हणजे जखमेवर मीठ, तेही पेणचं. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला नेणारी रो-रो बोट आहे, पण नाताळात तिची तिकिटं मिळणं हा वेगळा लेख आहे. लाँचवर मात्र करमणूक असते. बोटीच्या मागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो आणि अख्खी बोट त्यांना वेफर्स फेकते. हे पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडच्या थंड मुलखातून आपल्या किनाऱ्यावर येतात. म्हणजे तेही सुट्टीवर आलेले. ना ॲडव्हान्स, ना सकाळी दहाला खोली सोडायची घाई, शिवाय खाणं बोटीवाले देतात. आमच्या लेखापालांनी बराच वेळ त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

कॉटेजच्या दारामागे नियमांचा कागद चिकटवलेला होता. छापील, प्लास्टिकच्या आवरणातला. मला असे कागद वाचायला आवडतात, कारण त्यांतला प्रत्येक नियम कुणीतरी पाहुण्याने आपल्या कर्तबगारीने मिळवून दिलेला असतो. पहिला नियम: समुद्रावरून आल्यावर बाहेरच्या नळावर पाय धुवून मगच आत यावे. दुसरा: खोलीतले टॉवेल समुद्रावर नेऊ नयेत. तिसरा: जेवण सकाळी नऊच्या आत सांगावे, न सांगितल्यास मिळणार नाही, सांगून न जेवल्यास पैसे पडतील. चौथा: गरम पाणी सात ते नऊ. पाचवा: माडाखाली गाडी लावू नये, नारळ पडल्यास मालक जबाबदार नाही. सहावा नियम छापलेला नव्हता. तो आवरणावर मार्करने नंतर लिहिला होता: माडाखाली बसूही नये. यामागची हकिकत काकूंनी शेवटपर्यंत सांगितली नाही. "आता बरे आहेत ते," एवढंच म्हणाल्या.

आत तीन भिंती पांढऱ्या आणि चौथीवर डॉल्फिन. अलिबागला डॉल्फिन कधी दिसला की नाही हे कुणी सांगेना, पण भिंतीवरचा हसरा होता आणि त्याच्या पोटात गीझरचं बटण होतं. खिडकी उघडली की वाडी. समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता, असं आम्ही पहिल्या रात्री एकमेकांना सांगितलं. सकाळी कळलं की तो पोफळींना पाणी सोडायचा पंप होता.

आता थंडी. हिवाळी सहल म्हटल्यावर प्रत्येकाने स्वेटर घेतले होते. एका आजोबांनी तर कानटोपी आणि आजीने विणलेला, काश्मीरच्या सहलीत मिरवून आलेला मफलर घेतला होता. कोकणाच्या किनाऱ्यावरची थंडी ही पहाटे पाच ते साडेसात अशी अर्धवेळ कामाला येते. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुटतात, हे आपण चौथीत पाठ केलेलं असतं. ते वारे पहाटे खरोखर येतात. अंगणात छान शिरशिरी भरते आणि त्या वेळी सगळे झोपलेले असतात. उठून पोहे खाईपर्यंत ऊन चढतं, अकराला घामाच्या धारा लागतात आणि खारे वारे सुरू व्हायला दुपार होते. आमच्या पैशांत 'कॅम्पफायर' धरलेली होती. ती सोडवेना. त्यामुळे रात्री नऊ वाजता, पंखा पाचावर लावून बसावं अशा हवेत, बाराजण शेकोटीभोवती हात शेकत बसले. आजोबांनी मफलर सुद्धा काढला नाही. नेला होता, वापरला पाहिजे.

या थंडीची वाट गावातही बघतात, पण वेगळ्या कारणाने. थंडी पडली तर आंब्याला मोहोर धरतो. काकू रोज सकाळी अंगणातल्या कलमाच्या शेंड्याकडे बघत आणि आम्ही मोबाइलवर किती अंश सेल्सिअस ते बघत असू. दोघांचीही निराशा सारखीच होत होती.

किनाऱ्यावर राहायचं तर घड्याळ आपलं चालत नाही, भरतीचं चालतं. अलिबागसमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे, शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा बळकट अड्डा. ओहोटीला तिथे वाळूतून चालत जाता येतं, भरतीला मध्ये पाणी येतं. म्हणजे केव्हा निघायचं ते आधी ठरवायला हवं. आमच्यातल्या एका भाच्याने मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं ॲप घेतलं होतं, पण वाडीत रेंज येईना. तो मोबाइल उंच धरून विहिरीच्या कठड्यावर चढला. काकूंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "काय पाहिजे त्याला?" भरतीची वेळ, असं सांगितलं. काकूंनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे मान वळवली. "आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती. म्हणजे सकाळी पावणेदहाला पूर्ण ओहोटी. नऊला जा, साडेअकराच्या आत परत या."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, असा हा किनाऱ्यावरचा हिशेब. शाळेत पाऊणकी का पाठ करून घ्यायचे, याचा उलगडा आजोबांना त्या दिवशी झाला. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही की हे समुद्रासाठी आहे," ते म्हणाले. भाच्याला अखेर कठड्यावर एक रेघ रेंज मिळाली आणि ॲपने सांगितलं, तीन वाजून एकेचाळीस मिनिटे. चार मिनिटांच्या फरकावर त्याने काकूंना पुन्हा विचारलं. काकू म्हणाल्या, "त्याला सांग, पोहे गार होतायत."

पोहे गार होऊन पुन्हा गरम झाले. आठ मोठी माणसं, चार मुलं, दोन न्हाणीघरं आणि गरम पाणी सात ते नऊ, या गणिताला कुठल्याही पाढ्यात उत्तर नाही. नऊला निघायचं ते आम्ही बाराच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिलो. किल्ला समोर, पाणी मध्ये. घोडागाडीवाले पोटरीभर पाण्यातून शेवटच्या फेऱ्या मारत होते आणि परतीची हमी द्यायला तयार नव्हते. बाराजणांच्या सैन्यात तिथेच फूट पडली. निम्मे पाण्यात जायला उतावीळ, निम्मे सावलीच्या शोधात. तेव्हा आजोबांनी धीर दिला. १७२१ च्या डिसेंबरातच इंग्रज आणि पोर्तुगीज हातमिळवणी करून आंग्र्यांच्या कुलाब्यावर चाल करून आले होते. जहाजं होती, तोफा होत्या, हजारो शिपाई होते. किल्ला मिळाला नाही तो नाहीच. "ते पण नाताळच्या दिवसांतच आले होते," आजोबा म्हणाले, "आणि त्यांच्यात तरी लहान मुलं नव्हती." मग सगळ्यांनी किल्ल्याकडे पाठ करून, किल्ला दिसेल असा फोटो काढला आणि शहाळी प्यायली.

मासळीचीही तीच तऱ्हा. पाहुण्यांना पापलेट पाहिजे असतं, कारण घरीही तेच पाहिजे असतं. काकू म्हणाल्या, "मोठं पापलेट मुंबईला जातं. इथे कोण घेणार त्या भावाने?" म्हणजे मासा पहाटे मुंबईकडे निघतो आणि मुंबईकर सकाळी त्याला खायला अलिबागकडे निघतात. वाटेत कुठेतरी ते एकमेकांना ओलांडून जात असणार. आम्हाला मिळाले बोंबील आणि मांदेली, तव्यावरून थेट ताटात येणारी, आणि पापलेटाचं नाव नंतर कुणी काढलं नाही. खिचडीवाले सुद्धा त्या दिवशी गुरुवार असल्याबद्दल देवीकडे थोडे नाराज होते, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

पण या किनाऱ्यावर हिवाळ्यात जाण्याचं खरं कारण समुद्र नाही, थंडी नाही आणि मासेही नाहीत. ते कारण आहे पोपटी. भात कापून झालं की शेतात वाल पेरतात. तो जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर वाढतो. त्याच्या शेंगा भरायला लागल्या की रायगडात संध्याकाळी जागोजागी धूर दिसू लागतो. आमची पोपटी लावायला वाडीतले एक नाना आले. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. त्यांनी बरोबर एक काळं मडकं, शेंगांची टोपली आणि बांधावरून उपटून आणलेल्या भांबुर्ड्याचा भारा आणला होता. भांबुर्डा हे तण. एरवी कुणी त्याला हात लावत नाही, पण पाला चुरडला की ओव्याच्या जवळ जाणारा उग्र, हिरवा वास येतो. नानांनी मडक्याच्या तळाला पाला दाबला. शेंगा ओवा आणि जाड्या मिठात घोळवून आत गेल्या, मग बटाटे, कांदे, अंडी, मग केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, मधूनमधून पुन्हा शेंगा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. शेवटी तोंडाशी पाला एवढा ठासला की मडकं उलटं केलं तरी शेंग हलेना. मग ते खरोखरच उलटं केलं, जमिनीवर पालथं ठेवलं, भोवती गोवऱ्या आणि सुक्या झावळ्या रचल्या आणि काडी लावली.

इथपर्यंत शांतता होती. मग बाराजणांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. ओव्हनमध्ये अशी गोष्ट एकशेऐंशी अंशांवर होईल, असं एकाने सांगितलं. एकाने वाऱ्याची दिशा बघून झावळ्या हलवायला सुचवलं. कीटोवाल्याने शेंगांतल्या पिष्टाची चौकशी केली. भाच्याने मोबाइलवर घड्याळ लावायला बोट तयार ठेवलं आणि विचारलं, "नाना, किती मिनिटं?"

"वास येईस्तोवर."

"पण साधारण?"

"साधारण वास येईस्तोवर."

भाच्याने घड्याळ तीस मिनिटांचं लावलं. ते वाजण्याआधीच नाना उठले, विस्तवाच्या भोवती एक फेरी मारली, ओंजळीतलं पाणी मडक्याच्या बुडावर शिंपडलं. चर्र झालं, पाणी क्षणात उडालं. नानांनी काठीने राख सारली, मडकं कलंडवलं आणि पाला ओढून काढला. त्यानंतरची पंधरा मिनिटं आमच्या ग्रुपच्या इतिहासात वेगळी नोंदवावी लागतील, कारण तेवढा वेळ कुणीही बोललं नाही आणि फोटोही काढला नाही. भाजलेल्या पाल्याचा वास लागलेली शेंग दातांत धरून ओढायची, आतला दाणा मऊ, जरासा खारट, धुरकट. साडेनऊ वर्षांच्या बाळाने टरफलांचा जो ढीग केला तो बघून नानांनी पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं. "हा कोणाचा?" त्यांनी विचारलं. मित्राने हात वर केला. "चांगलं आहे," नाना म्हणाले आणि घरी गेले.

निघायच्या सकाळी हिशेब झाला. चार भज्यांच्या बशा जास्त, एक टॉवेल समुद्रावर नेल्याबद्दल दंड, तोही ज्याने नेला त्याचं नाव न घेता. सुक्या बोंबलांची पुडी गाडीच्या डिकीत ठेवायची की टपावर, यावर दोन कुटुंबांत थोडं ताणलं गेलं. काकूंनी पुडीवर चौथी पिशवी चढवून दिली, जी वडखळपर्यंत टिकली. काका ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. आमच्या गाड्यांत कोण कुणाशेजारी बसतंय हे त्यांनी नीट बघून घेतलं.

"तुम्ही नाही का कुठे जात सुट्टीला?" एका वहिनीने काकूंना विचारलं.

"जाते की. पावसात इथे कोण येत नाही, तेव्हा लेकीकडे डोंबिवलीला," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "काही काम नाही. चहा हातात. आणि तिच्या गॅलरीसमोरच रूळ आहेत. एक गाडी गेली की दुसरी येते. काय माणसं असतात! मी सकाळपासून बघत बसते. जावई म्हणतात, आवाजाचा त्रास होत असेल, दार लावून घ्या. मी म्हटलं, लावू नका हो. एवढ्या लांब आले कशासाठी?"